सॅम्पल ऑर्केस्ट्रा आणि बारा स्पीकर: एका ॲटमॉस मिक्सचे प्रकरण

रचना सहा मिनिटांच्या आतली, पूर्ण सिंफनी ऑर्केस्ट्रासाठी लिहिलेली. प्रत्यक्ष वादक एकही नाही. सगळे स्वर सॅम्पल लायब्ररींमधून, म्हणजे खऱ्या वाद्यांच्या आधीच रेकॉर्ड केलेल्या सुट्या स्वरांच्या संग्रहांमधून घेतलेले. स्टिरिओ मिक्स तयार होते आणि ते खरोखर चांगले होते. संगीतकारांनी त्याचीच डॉल्बी ॲटमॉस आवृत्ती, म्हणजे चहूबाजूंनी आणि वरूनही आवाज देणारी, ७.१.४ मांडणीवर (भोवती सात स्पीकर, एक सबवूफर, छताला चार) स्वतः करून पाहिली आणि मग सगळे सेशन माझ्याकडे पाठवले. सोबत तक्रार होती: "स्टिरिओत ऑर्केस्ट्रा समोर बसलेला वाटतो, इथे तंतुवाद्ये छताला टांगल्यासारखी वाटतात. शांत जागी मागून कसलासा श्वास ऐकू येतो. हेडफोनवर तर सगळेच पातळ होते."

इतकी नेमकी तक्रार क्वचित मिळते. तिन्ही गोष्टी सेशन उघडल्यावर तशाच ऐकू आल्या, आणि तिन्हींची मुळे वेगवेगळी असली तरी एकमेकांत गुंतलेली निघाली.

साहित्य असे होते. तंतुवाद्ये, ब्रास आणि तालवाद्ये एकाच लायब्ररीतली, मोठ्या स्कोअरिंग स्टेजवर वादकांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवून रेकॉर्ड केलेली. प्रत्येक वाद्याला चार माइक-स्थिती: जवळचे स्पॉट माइक, कंडक्टरच्या डोक्यावरची डेका ट्री, दोन्ही कडांचे आउटरिगर आणि दूर मागे लावलेले सराउंड माइक. वुडविंड दुसऱ्या लायब्ररीतले, छोट्या, आवाज शोषून घेणाऱ्या स्टुडिओत घेतलेले, जवळजवळ कोरडे, म्हणजे घुमाऱ्याविना. हार्प तिसरीकडचा, फक्त दोन चॅनेलचा आणि लांब घुमाऱ्यासकट पक्का झालेला.

संगीतकारांची मांडणी वरवर पाहता तर्काला धरून होती. ट्री समोरच्या डाव्या-उजव्या स्पीकरला, आउटरिगर बाजूंना, सराउंड माइक मागे आणि छताच्या चार स्पीकरांना ट्रीचीच अपमिक्स केलेली, म्हणजे कमी चॅनेलमधून जास्त चॅनेल बनवलेली, प्रत. स्पॉट माइक सगळे ऑब्जेक्ट म्हणून (म्हणजे अवकाशात हव्या त्या जागी ठेवता येणारे सुटे आवाज), प्रत्येक वाद्य आपापल्या जागी. चार माइक-स्थिती आणि बारा स्पीकर हातात आले की पहिल्यांदा बहुतेक जण हेच करतात.

माझे मत आधीच सांगून ठेवतो. सॅम्पल ऑर्केस्ट्राच्या इमर्सिव्ह, म्हणजे श्रोत्याला वेढणाऱ्या, मिक्समध्ये वाद्य कुठे ठेवायचे हे ठरवण्याआधी त्या वाद्याच्या आत जी खोली (रेकॉर्डिंगच्या जागेचा घुमारा) आधीच भरून आली आहे तिचे काय करायचे, हे ठरवावे लागते. या सेशनमध्ये तीन खोल्या होत्या आणि त्यांतली कुठली खरी, हे कुणी ठरवलेलेच नव्हते.

छत

काम सुरू करण्याआधी मी स्पीकरांचे गट सुटे करून ऐकतो: आधी फक्त छताचे चार, मग फक्त मागचे, मग बाजूचे, आणि समोरचे सर्वांत शेवटी. छताचे चार स्पीकर एकटे वाजत असताना व्हायोलिनची चाल उतरवून घेता आली, तर तिथे थेट आवाज जास्त झाला असे समजावे. इथे चाल तर कळत होतीच, बो (गज) कुठे उलटतो तेही कळत होते.

डावे-उजवे ओळखताना दोन कानांपर्यंत पोहोचणाऱ्या आवाजातला वेळेचा आणि पातळीचा फरक कामी येतो. वर-खाली ओळखताना हा फरक जवळपास मिळतच नाही, कारण समोरचा आणि डोक्यावरचा आवाज दोन्ही कानांना सारखाच येतो. तिथे मेंदू कानाच्या पाळीने वरच्या पट्टीत केलेल्या बदलांवर भिस्त ठेवतो. जर्मन संशोधक येन्स ब्लाउअर्ट यांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस दाखवले की ८ किलोहर्ट्झच्या आसपासचा अरुंद पट्टा श्रोत्याला वरून आल्यासारखा वाटतो, स्पीकर कुठेही असो. बोचा खरखरीतपणा, त्याला लावलेल्या राळेचा (रोझिनचा) आवाज याच भागात असतो. म्हणून ट्रीची प्रत छताला दिली तेव्हा डबल बेस जागचे हलले नाहीत, चेलो थोडे उचलले गेले आणि व्हायोलिनचे दोन तुकडे झाले: गाभा समोर, बोची सळसळ डोक्यावर. "टांगल्यासारखी" हा शब्द अगदी बरोबर होता.

प्रतीचा दुसरा तोटा फेजचा. एकच आवाज समोरून आणि वरून आला की कानाशी त्यांची बेरीज-वजाबाकी होते. दोन मार्गांच्या लांबीत १७ सेंटीमीटरचा फरक पडला तरी सुमारे अर्ध्या मिलिसेकंदाचे अंतर पडते आणि १ किलोहर्ट्झला खड्डा तयार होतो. ऐकणारा खुर्चीत जरा सरकला की खड्डा दुसरीकडे सरकतो. स्टुडिओत हे चटकन जाणवत नाही, कारण मिक्स करणारा एकाच जागी बसतो.

काही लायब्ररींमध्ये उंचावरचे माइक खरोखर लावलेले असतात. व्हिएन्नाच्या सिंक्रॉन स्टेजवर घेतलेल्या लायब्ररी हे त्याचे ठळक उदाहरण. तिथे छताला पाठवायला वेगळा आवाज उपलब्ध असतो. इथे तसे माइक नव्हते, त्यामुळे छताला थेट आवाज अजिबात द्यायचा नाही असे ठरवले. अपमिक्स काढून टाकला. छताला फक्त रिव्हर्बचा (कृत्रिम घुमाऱ्याचा) परतावा ठेवला, तोही वरची पट्टी बरीच कापून. पातळी ठरवताना छताचा गट बंद-चालू करत राहिलो. चालू असताना "वरून काहीतरी येते आहे" असे वाटले तर तो जास्त. बंद केल्यावर सगळे दृश्य बसके वाटले तर तो बरोबर.

इथे ॲटमॉसच्या रचनेतली एक अडचण लक्षात ठेवावी लागते. बेड (ठरावीक स्पीकरांना जोडलेल्या चॅनेलांचा संच) जास्तीत जास्त ७.१.२चा असतो, म्हणजे त्यात छतासाठी एकच जोडी मिळते, ७.१.४ खोलीत ती जोडी पुढच्या आणि मागच्या दोन्ही छत-स्पीकरांतून सारखीच वाजते. छताच्या चार कोपऱ्यांना चार वेगळे परतावे हवे असतील तर ते चार स्थिर ऑब्जेक्ट म्हणून कोपऱ्यांत बसवावे लागतात. तसेच केले.

वेळ

डेका ट्री म्हणजे त्रिकोणात लावलेले तीन ओम्नी माइक. १९५०च्या दशकात डेका कंपनीच्या इंजिनियरांनी रूढ केलेली ही पद्धत स्कोअरिंग स्टेजवर आजही पहिली पसंती असते. अशा लायब्ररीत चारही माइक-स्थिती एकाच वेळी, एकाच वादनावर रेकॉर्ड झालेल्या असतात. त्यांच्यातले वेळेचे अंतर हीच त्या हॉलची मोजमापे.

सेशनमध्ये वेव्हफॉर्म पाहून सगळे माइक एका रेषेत ओढून आणलेले होते. डोळ्यांना ते नीटनेटके दिसते. मी टिंपनीचा एक सुटा ठोका घेऊन मूळ अंतरे तपासली. स्पॉटपासून ट्रीपर्यंत २६ मिलिसेकंद, ट्रीपासून सराउंड माइकपर्यंत आणखी १८. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे टिंपनी ट्रीपासून साधारण ९ मीटर मागे आणि सराउंड माइक त्याच्याही पलीकडे सहा मीटर. रेषेत ओढल्यावर हा १५ मीटरचा पल्ला शून्य झाला होता.

स्टिरिओत त्यामुळे फक्त दूर-जवळचा भास कमी होतो. सराउंडमध्ये नुकसान त्याहून मोठे. हेल्मुट हास यांनी १९४९च्या प्रबंधात मांडलेला परिणाम असा की तोच आवाज थोड्या अंतराने दोनदा आला तर कान पहिल्या आवाजाची दिशा धरतो. दुसरा ३० मिलिसेकंदांपर्यंत उशिरा आला तर काहीसा मोठा असूनही वेगळा ऐकू येत नाही. सराउंड माइक उशिरा येतो म्हणूनच वाद्य समोर राहते आणि मागून फक्त जागा ऐकू येते. तो उशीर काढून घेतला की मागचा स्पीकर समोरच्याच्या बरोबरीने बोलू लागतो आणि वाद्य श्रोत्याच्या कानाजवळ ओढले जाते.

ट्री, आउटरिगर आणि सराउंड पुन्हा मूळ अंतरांवर आणले. हलवायचेच असतील तर फक्त स्पॉट: ते ट्रीच्या वेळेपर्यंत मागे नेले, वर आणखी थोडे मिलिसेकंद, म्हणजे दिशा ट्रीच ठरवेल आणि स्पॉट फक्त स्पष्टता देईल. पातळी ट्रीच्या १० ते १२ डेसिबल खाली. लेगाटो (जोडून वाजणारा) पॅच उशिरा बोलतो, स्टॅकाटो (तुटक) लवकर, हा प्रश्न वेगळा. तो मिडी ट्रॅकच्या (सॅम्पलरला स्वर सांगणाऱ्या सूचनांच्या) ऋण डिलेने, म्हणजे सूचना आधी पाठवून, सोडवायचा असतो. माइकांच्या मधल्या वेळेला त्यासाठी हात लावू नये.

मधल्या स्पीकरबद्दल थोडेसे. या लायब्ररीत ट्री दोन चॅनेलची फाइल म्हणून मिळते, मधला माइक दोन्हीकडे वाटून टाकलेला. त्यातून डाव्या-उजव्याची बेरीज करून मधल्या स्पीकरला द्यायचा मोह होतो. त्याने दृश्य आक्रसते. मधला स्पीकर जवळपास रिकामा ठेवला. एकल ओबोचा थोडा अंश तेवढा तिथे गेला.

मागून येणारा श्वास

या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, आणि तो निव्वळ सॅम्पलमुळे उद्भवलेला. खऱ्या ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डिंगमध्ये असे होत नाही.

खरा ऑर्केस्ट्रा फोर्टेवरून (जोरकस वादनावरून) पियानोवर (मृदू वादनावर) उतरतो तेव्हा हॉलने आधीच पकडलेला मोठा आवाज आपल्या गतीने विरत राहतो. वादकांनी जोर कमी केला म्हणून तो कमी होत नाही. ओल्या सॅम्पलमध्ये मात्र हॉल स्वराच्या आतच रेकॉर्ड झालेला असतो. सीसी ११, म्हणजे एक्स्प्रेशन (पातळी वर-खाली करणारे मिडी नियंत्रण), खाली ओढले की वाद्यासोबत हॉलही खाली येतो. वर नेले की विरत चाललेला घुमारा पुन्हा फुगतो. समोरच्या स्पीकरमध्ये थेट आवाज याला झाकतो. मागच्या स्पीकरमध्ये झाकायला काहीच नाही, तिथे नुसता हॉल आहे. संगीतकारांनी प्रत्येक लांब स्वराला एक्स्प्रेशनची सुंदर कमान दिलेली होती, आणि मागे बसलेला हॉल त्या प्रत्येक कमानीबरोबर छाती फुगवून सोडत होता. "श्वास" तो हाच.

रचनेतल्या दुसऱ्या सांगीतिक कल्पनेच्या शेवटी हेच आणखी उघडे पडले. तिथे तंतुवाद्ये चार मात्रांत विरतात. नोट सुटते तेव्हा या सॅम्पलरमध्ये रिलीज सॅम्पल (स्वर सुटल्यानंतरच्या शेपटाचे रेकॉर्डिंग) वाजते, आणि ते किती मोठे वाजायचे हे त्या क्षणीच्या सीसी १ वरून (किती जोराने वाजवलेला थर निवडायचा ते सांगणाऱ्या नियंत्रणावरून) ठरते. वक्ररेषा नोट संपण्याच्या किंचित आधीच शून्यावर आणलेली होती. म्हणून सॅम्पलरने सगळ्यात मऊ थराचे रिलीज उचलले आणि हॉलचा शेपटा दार लावावे तसा बंद झाला. स्टिरिओ मिक्समध्ये वर टाकलेल्या रिव्हर्बने ती फट भरून काढली होती. मागचे दोन स्पीकर सुटे केले आणि ती पहिल्याच ऐकण्यात सापडली.

उपाय तीन टप्प्यांत केला.

पहिला मिडीत. सीसी १ शून्यावर नेण्याऐवजी तळाच्या थराच्या थोडे वर थांबवले आणि रेषा नोट सुटल्यानंतर संपवली. मोठे चढ-उतार सीसी १ च्या थरांवर सोपवले, कारण तिथे प्रत्येक थराबरोबर त्या जोराने वाजवलेल्या वाद्याचा रंग येतो; सीसी ११ फक्त बारीक तोलासाठी ठेवले. संगीतकारांना हे सुरुवातीला फारसे पटले नाही, कारण त्यांच्या कमानी निघून जात होत्या. ते म्हणाले, "तुम्ही माझे वादन सपाट करता आहात." मागचे स्पीकर सुटे करून दोन्ही आवृत्त्या ऐकवल्या, मग बहुतेक ठिकाणी त्यांनीच नव्या रेषा आखल्या, आणि त्या माझ्यापेक्षा चांगल्या होत्या.

दुसरा, लायब्ररीचे सराउंड माइक ६ डेसिबल खाली. ते पूर्ण काढले नाहीत, कारण त्यांतले पहिले परावर्तन खरे आहे. हॉलच्या रुंदीची जाणीव मुख्यतः पहिल्या ८० मिलिसेकंदांत बाजूंनी येणाऱ्या परावर्तनांमुळे होते, आणि आउटरिगर व सराउंड मिळून ती अशी देतात की कुठला प्लगइन तिच्या जवळ जात नाही.

तिसरा, लांब शेपटा सगळ्या वाद्यांसाठी एकाच रिव्हर्बकडे दिला. त्याला सॅम्पलरमधून बाहेर पडलेला, म्हणजे एक्स्प्रेशन लागू झाल्यानंतरचा आवाज मिळतो. रिव्हर्बमध्ये एकदा शिरलेला आवाज आपल्या गतीनेच विरतो. नंतर एक्स्प्रेशन खाली आले तरी त्याला काही होत नाही. खरा हॉल असेच वागतो. लायब्ररीच्या स्टेजचा घुमारा तुटक स्वरांवरून पाहिला तर दीड सेकंदाच्या थोडा पुढे होता, म्हणून सामाईक रिव्हर्ब २ सेकंदांचा ठेवला. आतल्या खोलीपेक्षा बाहेरची लांब असावी लागते, नाहीतर ती आतल्या खोलीत दडून जाते. व्हिएन्नाच्या मुझिकफेराइनचा भरलेल्या सभागृहातला घुमारा साधारण एवढाच आहे, तेव्हा ऑर्केस्ट्राला ते अंग अनोळखी नाही.

रिव्हर्ब निवडताना एक पथ्य पाळले. एकाच इम्पल्स रिस्पॉन्सचे (जागेच्या घुमाऱ्याच्या ठशाचे) दोन स्टिरिओ नमुने, एक पुढे आणि एक मागे, असे लावले तर दोन्हींतून हुबेहूब तोच आवाज निघतो आणि घुमारा श्रोत्याभोवती पसरायच्या ऐवजी पुढच्या-मागच्या स्पीकरांच्या मध्ये येऊन बसतो. प्रत्येक स्पीकरला वेगळा, एकमेकांशी न जुळणारा शेपटा हवा. म्हणून खरा बहुचॅनेल रिव्हर्ब घेतला आणि कोरिलेशन मीटरवर (दोन आवाज किती सारखे आहेत ते दाखवणाऱ्या) समोरचा डावा व मागचा डावा यांची जोडी शून्याच्या आसपास राहते ना, ते पाहिले.

श्वासात थोडी खरी खरखरही होती. प्रत्येक सॅम्पलच्या आत स्टेजचा मूळ गोंगाट असतो. सोळा आवाज एकदम वाजले की तो १२ डेसिबलांनी चढतो आणि स्वर सुटले की पडतो. यात लेखनाचाही भाग होता: सोळा व्हायोलिनचा पॅच तीन स्वरांच्या कॉर्डवर वाजवला की अठ्ठेचाळीस व्हायोलिन होतात आणि हॉलही तिप्पट भरतो. त्या जागी छोट्या गटांचे पॅच वापरून डिव्हिसी केली, म्हणजे स्वर गटांत वाटून दिले. गोंगाट उतरला आणि तंतुवाद्यांचा पोतही मोकळा झाला. गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारे साधन) लावला नाही, त्याने चढ-उतार जास्तच ठळक होतात. सगळ्यात शांत भागाखाली अतिशय हलका, स्थिर रूम टोन (रिकाम्या जागेचा आवाज) ठेवला. उरलेली हालचाल त्यात मुरली.

कोरडे वुडविंड

कोरड्या वाद्यांचे काम मला तुलनेने सोपे वाटते, कारण त्यांच्या आत भांडायला दुसरी खोली नसते. वुडविंड ट्रीपासून पाच-सहा मीटरवर बसतात असे धरून थेट आवाजाला साधारण १६ मिलिसेकंद उशीर दिला, वरची पट्टी किंचित उतरवली, आणि बाजूंची पहिली परावर्तने वेगळ्या छोट्या रिव्हर्बने तयार करून आउटरिगरच्या स्पीकरांना दिली. त्यानंतरचा शेपटा सामाईक. बासून आणि हॉर्न एकत्र येतात तिथे कान लावून तोल साधला. तिथे दोन्ही एका खोलीत वाटले की बाकीचे आपोआप बसते.

ऑब्जेक्ट किती

ॲटमॉसमध्ये १२८ वाटा मिळतात म्हणून त्या भरल्याच पाहिजेत असे नाही. स्ट्रीमिंगसाठी एन्कोड करताना जवळजवळची ऑब्जेक्ट एकत्र गोळा करून १२ ते १६ गटांत बसवली जातात. प्रत्येक स्पॉट माइक वेगळे ऑब्जेक्ट ठेवले तर तो गोळा कसा होईल यावर आपला ताबा राहत नाही. रेंडररमध्ये (आवाज स्पीकरांना वाटणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) स्पेशियल कोडिंगची, म्हणजे या गोळा करण्याची, नक्कल चालू करून ऐकले तेव्हा ब्रासच्या मोठ्या प्रवेशाला व्हिओला हलताना ऐकू आले. स्पॉट सगळे बेडमध्ये नेले. ऑब्जेक्ट उरली छताचे चार कोपरे आणि एकच खरे: पडद्याआडचा ट्रम्पेट. तो स्वरलेखनातच दूरवरून वाजायचा होता, म्हणून त्याला मागे उजवीकडे नेण्यात काही वावगे नाही. व्हेनिसच्या सेंट मार्क्स चर्चमध्ये सोळाव्या शतकात वेगवेगळ्या जागी बसलेले गायक-वादकांचे गट एकमेकांना उत्तरे देत असत. वाद्य मागे असायला हरकत नाही. त्यामागे स्वरलेखनातले कारण हवे.

एलएफईमध्ये (सबवूफरच्या वेगळ्या चॅनेलमध्ये) बास ड्रमचा थोडा अंश सोडून काही नाही. दोन चॅनेलच्या डाउनमिक्समध्ये हे चॅनेल सहसा वगळले जाते, तेव्हा डबल बेसचा पाया तिथे ठेवणे धोक्याचे. लाउडनेस (सरासरी मोठेपणा) उणे १८ एलकेएफएस आणि ट्रू पीक (सर्वांत उंच शिखर) उणे १ डेसिबल, या मर्यादेत ही रचना लिमिटरला फारसा हात न लावता बसली.

हेडफोनवरचा पातळपणा वेगळा दुरुस्त करावा लागला नाही. बायनॉरलमध्ये, म्हणजे हेडफोनसाठीच्या रूपात, बाराही स्पीकर शेवटी दोन कानांत मिळतात. छतावरची प्रत आणि रेषेत ओढलेले माइक तिथे एकमेकांना खात होते. प्रती गेल्या आणि अंतरे परतली, तसा चेलोंचा भरीवपणा परत आला. डॉल्बीच्या रेंडररमध्ये समोरच्या बेडला 'नियर' (जवळ), बाजू आणि मागच्यांना 'मिड' (मध्यम), छताला 'फार' (दूर) अशी हेडफोनवरच्या अंतराची निवड केली. ॲपलच्या स्पेशियल ऑडिओत या खुणा पाळल्या जात नाहीत, म्हणून तिथे वेगळे ऐकले आणि सामाईक रिव्हर्ब आणखी एक डेसिबल उतरवला. स्पीकरवर तो फरक कळत नाही, हेडफोनवर कळतो.

हार्पचा प्रश्न पूर्ण सुटला नाही. दोनच चॅनेल, आणि आतला घुमारा सामाईक रिव्हर्बपेक्षाही लांब. शेपटा कमी करणारे प्रोसेसिंग करून पाहिले, तर तारेची टोच बोथट झाली. मधल्या ग्लिसांडोसाठी संगीतकारांनी कोरडा हार्प घेऊन ते पुन्हा प्रोग्राम केले, आणि तो वुडविंडच्याच वाटेने हॉलमध्ये बसला. शेवटच्या पानावरचे आर्पेजिओ मात्र त्यांना जुन्या हार्पचेच हवे होते. तिथे बाकी कुणी वाजवत नाही, त्यामुळे शेजारी ठेवून तुलना करायला दुसरी खोली नसते. ते समोरच्या जोडीत, सामाईक रिव्हर्बला काहीही न पाठवता, तसेच ठेवले.